वाचकांचे प्रश्न : पाहणारी मैत्रीण

रहस्यकथांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच प्रकारच्या कथेभोवती फिरणारी आहेत : दोन किंवा तीन स्त्रियांची जुनी मैत्री, त्यांपैकी एकीला छळणारा पुरुष, आणि शेवटी त्या पुरुषाचा खून. काही वाचकांना अशी कथा लिहायची आहे, काहींना ती वाचून अस्वस्थ वाटले आहे, आणि एका पत्राचा कथेशी असलेला संबंध केवळ नावापुरता आहे. ते पत्र मी शेवटी घेतले आहे, कारण त्याचे उत्तर लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

प्रश्न : मी दोन मैत्रिणींवर कादंबरी लिहीत आहे. एकीचा नवरा तिला मारतो, आणि दुसरी तिच्या सोबतीने त्याचा काटा काढते. ज्यांना ज्यांना मसुदा वाचायला दिला त्या सर्वांनी एकच शंका काढली : ती घर सोडून का गेली नाही? मी दोन ठिकाणी तिच्या तोंडी स्पष्टीकरण घातले, तरी शंका जात नाही. सोबत चार प्रकरणे पाठवीत आहे.

उत्तर : दोन्ही स्पष्टीकरणे काढून टाका. पात्राने स्वतःची बाजू मांडायला सुरुवात केली की वाचक न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि एकदा तिथे बसलेला वाचक सहसा उठत नाही. शंकेचे मूळ तुमच्या रचनेत आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रकरणांत मारहाणीचे चार प्रसंग आहेत आणि त्यांच्या मधले दिवस मोकळे आहेत. त्या दिवसांत ती कामावर जाते, हसते, मैत्रिणीला भेटते. मग वाचकाला साहजिकच वाटते की अशाच एखाद्या मोकळ्या दिवशी तिने निघून जायला हवे होते. प्रत्यक्षात छळ चालतो तो याच मधल्या दिवसांत.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली छळाचे चक्र मांडले : आधी ताण साचत जातो, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर पश्चात्तापाचे व लाडीगोडीचे दिवस येतात. ही मांडणी मोलाची होती, पण कादंबरीकारांनी ती इतकी गिरवली की आता माफी मागायला फुले घेऊन आलेला नवरा दिसला की पुढचे पान न उलटताच सांगता येते. २००७ साली समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी आपल्या पुस्तकात जबरी नियंत्रणाची कल्पना सविस्तर मांडली आणि सगळी चर्चा जखमांवरून स्वातंत्र्याकडे वळवली. पैसे कोणाच्या हातात आहेत, ती कोणाशी बोलते, किती वाजता परतते, काय घालते, कधी झोपते, हे प्रश्न त्यांनी ठोशाइतकेच महत्त्वाचे मानले. ज्या घरात हे सगळे आधीच कोणाच्या तरी ताब्यात गेलेले असते, तिथे एखाद्या दिवशी हात उगारला गेला नाही तरी धाक तसाच राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो दिवस नेहमीसारखा दिसतो.

तेव्हा मधले दिवस लिहा. फोनवर बोलताना ती मैत्रिणीचे नाव तीन तीनदा घेते, कारण पलीकडे बाईच आहे हे खोलीतल्या माणसाला कळले पाहिजे. कुलपात किल्ली कशी फिरते यावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे तिला समजते. भेटीला आलेली ती खुर्चीच्या कडेवर बसते आणि घड्याळाकडे न पाहताही वेळ अचूक सांगते. मैत्रीण हे सगळे पाहते, आणि पहिली काही वर्षे त्याला ‘तिचा स्वभावच तसा आहे’ असे म्हणते. हे शेवटचे वाक्य माझ्या मते तुमच्या कादंबरीच्या केंद्रस्थानी असायला हवे.

घर सोडण्याविषयीही एक गोष्ट लक्षात घ्या. छळ होणाऱ्या स्त्रीच्या जिवाला किती धोका आहे हे जोखण्यासाठी जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्या-संशोधिकेने १९८० च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की, स्त्री निघून जाते किंवा निघण्याचा मनसुबा बोलून दाखवते, तो काळ तिच्यासाठी सर्वाधिक धोक्याच्या काळांपैकी एक असतो. म्हणून तुमच्या नायिकेला एकदा खरोखरच घर सोडू द्या. ती मैत्रिणीकडे राहते, नऊ दिवसांनी परत जाते, आणि त्यानंतर तिच्या जाण्यायेण्यावरचा पहारा दुप्पट होतो. तिचा ठावठिकाणा त्याला मैत्रिणीच्याच तोंडून, तिच्या नकळत, एखाद्या साध्या बोलण्यातून लागला असे दाखवलेत, तर पुढे मैत्रीण जे करते त्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही, आणि ‘ती का गेली नाही’ असे विचारणारा वाचक गप्प होईल.

प्रश्न : अशा कादंबऱ्यांना समीक्षक ‘मैत्रीची कथा’ म्हणतात. मला मात्र त्यांत मैत्री दिसत नाही, फक्त कट दिसतो. माझे चुकते का?

उत्तर : तुमचे चुकत नाही. कट आखण्यासाठी दोघींमध्ये भरवसा लागतो, आणि त्या भरवशालाच मैत्री समजण्याची गल्लत अनेक लेखक करतात. पहिल्या प्रकरणात दोघी एका बाकावर बसत होत्या एवढे सांगितले की त्यांना पुरेसे वाटते, आणि पुढची तीनशे पाने त्या बाकावर उभी राहतात. मी अशी कथा वाचताना एकच गोष्ट शोधते : मैत्रिणीला हे कधी कळले, आणि कळल्यापासून तिने काही करेपर्यंत मध्ये किती काळ गेला? ज्या लेखकाला या मधल्या काळाची लाज आणि त्याचे ओझे लिहिता येते, त्याच्या कथेत खून पानभर असला काय किंवा एका ओळीत असला काय, फारसा फरक पडत नाही.

याचे सर्वांत चोख उदाहरण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. १९०० सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला, आणि त्याची पत्नी मार्गारेट हिच्यावर खटला भरला गेला. सुझन ग्लास्पेल तेव्हा तरुण वार्ताहर होत्या आणि त्यांनी या प्रकरणाच्या बातम्या दिल्या. १९०१ मध्ये मार्गारेटला दोषी ठरवण्यात आले, पुढच्या वर्षी तो निकाल रद्द झाला, आणि १९०३ च्या फेरसुनावणीत ज्यूरीतील पंचांचे एकमत होऊ शकले नाही. ग्लास्पेल यांच्या मनातून ते प्रकरण गेले नाही. १९१६ साली त्यांनी ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली, पुढच्या वर्षी तिची कथाही केली, आणि पहिल्या प्रयोगात मिसेस हेल या शेजारणीची भूमिका स्वतः केली.

या एकांकिकेत नवऱ्याचा दोरीने गळा आवळला गेला आहे आणि बायको कोठडीत आहे. ती रंगमंचावर एकदाही येत नाही. शेरीफ आणि सरकारी वकील खुनाचे कारण शोधत माडीवर आणि गोठ्याकडे फिरत असतात, आणि दोन बायका तिचे चार कपडे गोळा करण्यासाठी स्वयंपाकघरात थांबलेल्या असतात. त्यांना एक अर्धवट गोधडी दिसते, जिचे टाके शेवटच्या तुकड्यावर अचानक वेडेवाकडे झाले आहेत. मग दार तुटलेला पिंजरा दिसतो, आणि शिवणाच्या पेटीत, रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला पक्षी. पुरुष ज्याचा शोध घेत आहेत ते कारण या दोघींच्या हातात आलेले असते. मिसेस हेल ते वाकडे टाके उसवून सरळ घालायला बसते, आणि शेवटी ती पेटी आपल्या कोटाच्या खिशात लपवते.

ही मैत्रीची कथा आहे, परंतु फार उशिरा आलेल्या मैत्रीची. त्या घरावर अवकळा आहे हे मिसेस हेलला वर्षानुवर्षे ठाऊक होते. तिने तिकडे जाणे टाळले होते. मी इकडे आले नाही हाच गुन्हा आहे, त्याची शिक्षा कोण देणार, अशा अर्थाचे ती बोलते, आणि पुरावा लपवण्याचे तिचे धाडस याच पश्चात्तापातून येते. खून कोणी केला हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक असूनही श्वास रोखला जातो, कारण खरा निर्णय त्या दोन बायकांच्या हातात आहे.

आपल्या परंपरेत याची उलटी बाजू विराटपर्वात सापडते. सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी जिच्या आश्रयाला आहे ती राणी सुदेष्णा, भावाचा हेतू ठाऊक असतानाही तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या महालात पाठवते. कीचकाच्या वधाविषयी आपण नेहमी भीमाचे नाव घेतो, पण मला ती कथा वाचताना सुदेष्णेचा तो एक हुकूम आठवत राहतो. पुढे कीचक मेल्यावर त्याचे भाऊबंद सैरंध्रीलाच बांधून त्याच्या चितेवर जाळायला निघतात. सुडानंतरचा हिशेब पुन्हा बाईच्याच नावावर मांडला जातो, ही गोष्ट व्यासांच्या नजरेतून सुटलेली नाही. आजच्या कादंबऱ्यांमधून ती बऱ्याचदा सुटते.

मैत्री आणि कट यांतील फरक ज्यांना तपासून पाहायचा आहे त्यांनी जपानी लेखिका नात्सुओ किरिनो यांची १९९७ सालची ‘आउट’ वाचावी. कारखान्यात रात्रपाळी करणारी एक स्त्री मारझोड करणाऱ्या, जुगारी नवऱ्याचा गळा आवळते, आणि तिच्या सहकारी स्त्रिया प्रेताची विल्हेवाट लावतात. त्यांपैकी काहींना त्याचे पैसे हवे असतात, आणि पैशाचा व्यवहार आला की कोण कोणाची कोण लागते हे त्या चौघींना स्वतःलाच सांगता येत नाही. काही प्रसंग अतिशय विदारक आहेत, तेव्हा तयारीने वाचावी.

प्रश्न : या प्रकारच्या कथांत सगळेच पुरुष वाईट का दाखवतात?

उत्तर : चांगल्या कथांत तसे नसते. त्यांत छळणारा एक असतो, आणि त्याच्या भोवती सज्जन म्हणवणारे, सगळे कानांवर येऊनही ‘हा त्यांच्या घरातला मामला आहे’ असे म्हणून बाजूला होणारे अनेक असतात. लेखकाने या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना अधिक वेळ द्यावा असे मला वाटते. छळणाऱ्या माणसाचे म्हणाल तर त्याचे आर्जव आणि त्याची विनोदबुद्धी खरी वाटली पाहिजे, नाहीतर नायिकेने त्याच्यावर कधी काळी प्रेम केले होते हे कोणाला पटणार नाही.

प्रश्न : माझ्या कथेतील स्त्री मारहाण होत असताना नव्हे, तर तो झोपल्यावर काही तासांनी त्याला मारते. न्यायालयात ती सुटते असे दाखवले तर पटेल का? आणि तिच्याऐवजी मैत्रिणीने मारले तर?

उत्तर : आधी कथा कोणत्या देशात घडते ते ठरवा, कारण याचे उत्तर देशागणिक बदलते. नेमका हाच पेच ज्या कायद्याला अनेक वर्षे सोडवावा लागला त्या इंग्लंडच्या कायद्याची वाटचाल मात्र कोणत्याही लेखकाला उपयोगी पडेल. १९४९ सालच्या एका निकालापासून तिथे चिथावणीचा बचाव, म्हणजे मृतानेच डिवचल्यामुळे कृती घडली असा खुनाचा आरोप सौम्य करणारा युक्तिवाद, स्वीकारण्यासाठी ‘अचानक आणि तात्पुरता’ तोल सुटणे आवश्यक मानले जात होते. ही कसोटी भांडण पेटल्याबरोबर हात उचलणाऱ्याला सोयीची होती. जिच्या अंगात समोरासमोर झगडण्याचे बळ नाही आणि म्हणून जी तो झोपेपर्यंत थांबते, तिला ती जवळजवळ बंदच होती.

किरणजीत अहलुवालिया यांनी सुमारे दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली झोपलेल्या नवऱ्याच्या बिछान्याला आग लावली आणि त्यात तो पुढे दगावला. त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९९२ साली अपिलात ती शिक्षा रद्द झाली, आणि त्याच वर्षी मानसिक अवस्थेमुळे जबाबदारी कमी झाल्याच्या आधारावर, खुनापेक्षा सौम्य अशा सदोष मनुष्यवधाची त्यांची कबुली मान्य करण्यात आली. तोवर भोगलेली कैद पुरेशी मानून त्यांना सोडण्यात आले. त्या निर्दोष ठरल्या नव्हत्या. तुमच्या कथेतील ‘सुटते’ या शब्दाकडे त्यासाठीच पुन्हा पाहा. मधे वेळ गेला एवढ्यामुळेच बचाव आपोआप बाद होत नाही, असेही त्या अपिलात न्यायालयाने म्हटले, परंतु जितका वेळ अधिक तितकी ती कृती विचारपूर्वक केल्याची शक्यता अधिक, हेही सांगून ठेवले.

२००९ साली संमत झालेल्या आणि पुढच्या वर्षी अमलात आलेल्या कायद्याने तिथे चिथावणीचा जुना बचाव रद्द करून त्या जागी ‘संयम सुटण्याचा’ बचाव आणला. आता संयम अचानकच सुटला पाहिजे अशी अट नाही. मात्र विचारपूर्वक सूड घेण्याच्या इच्छेतून कृती घडली असेल तर हा बचाव मिळत नाही, असे कायद्यातच लिहिलेले आहे. म्हणजे भय आणि सूड यांच्या मध्ये जी सीमारेषा आहे, तिच्यावरच तुमची सगळी साक्ष, उलटतपासणी आणि तणाव उभा राहील. दुसरी तरतूद मैत्रिणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे : गंभीर हिंसेचे भय स्वतःसाठीच असले पाहिजे असे नाही, दुसऱ्या एखाद्या निश्चित व्यक्तीवर ती हिंसा होईल या भयाने संयम सुटला असेल तरीही हा बचाव मांडता येतो. मैत्रिणीला मारेकरी करायचे असेल, तर तिच्या वकिलाला याचाच पुरावा पुढे आणावा लागेल की ती दुसरीसाठी घाबरली होती. आणि त्यासाठी तिला कधीपासून काय काय ठाऊक होते, हे तिला भर न्यायालयात सांगावे लागेल. एवढे ठाऊक होते तर आजवर गप्प का राहिलात, हा सरकारी वकिलाचा पुढचा प्रश्न असेल. माझ्या मते तुमच्या कथेतील सर्वांत भेदक प्रसंग तोच आहे, खुनाचा नाही.

प्रश्न : अशाच एका कादंबरीच्या शेवटी तो माणूस मेला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि नंतर त्या आनंदाची लाज वाटली. मी एरवी हिंसेच्या विरोधात आहे. हे कसले लक्षण समजावे?

उत्तर : तुमच्या मनात न्यायाची भूक आहे, एवढेच त्यावरून कळते. तीनशे पाने ज्याने प्रत्येक दाराला कडी घातली, त्याच्यासाठी शेवटी एक दार बंद झाले, याचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. मी त्याला विकृती म्हणणार नाही. मात्र लेखकाने त्या समाधानाचे पुढे काय केले हे अवश्य पाहा. युरिपिडीसच्या ‘हेक्युबा’ या ग्रीक शोकांतिकेत, पराभूत ट्रॉयची राणी हेक्युबा, सोन्याच्या लोभाने तिच्या मुलाचा जीव घेणाऱ्या राजाला तंबूत बोलावते, आणि तिच्या सोबतच्या बंदिवान स्त्रिया मिळून त्याचे डोळे फोडतात. इथवर प्रेक्षक तिच्या बाजूने असतो. पण त्याच तंबूत त्या त्याच्या दोन लहान मुलांनाही मारतात, आणि आपण ज्या आनंदाच्या भरात होतो तो घशात अडकतो. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या त्या नाटककाराने प्रेक्षकाला आनंदही दिला आणि त्याची किंमतही दाखवली. तुम्हाला आनंदानंतर लाज वाटली असेल, तर ती कादंबरी बहुधा प्रामाणिकपणे लिहिलेली आहे.

प्रश्न : माझ्या पंचवीस वर्षांच्या मैत्रिणीने मला एक रहस्यकथा वाचायला दिली. पुस्तकात तीन ठिकाणी पेन्सिलीने रेघा मारलेल्या आहेत, आणि तिन्ही ठिकाणी नवरा बायकोचा गळा दाबतो. पुस्तक देताना ती काहीच बोलली नाही. तिचा संसार वरून चांगला दिसतो. मी तिला विचारावे, की ही माझीच कल्पना समजून सोडून द्यावे?

उत्तर : विचारा, आणि लवकर विचारा. तुमचा अंदाज चुकीचा निघाला तर थोडा वेळ अवघडल्यासारखे होईल. बरोबर असेल आणि तुम्ही गप्प राहिलात, तर तिने मोठ्या धैर्याने टाकलेले पाऊल तिला मागे घ्यावे लागेल.

हे फोनवर किंवा संदेश पाठवून विचारू नका, कारण तिचा फोन दुसरे कोणी पाहत असण्याची शक्यता आहे. दोघीच असाल अशा ठिकाणी भेटा. नवऱ्याविषयी काही बोलू नका. ‘मी त्या रेघा पाहिल्या’ एवढेच म्हणा आणि थांबा. ती हसून विषय बदलेल, तर बदलू द्या, पण तिला पुन्हा कधीही, रात्रीअपरात्री, तुमच्याकडे येता येईल हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. ती बोलली, तर तिच्यावर विश्वास ठेवा. आजच घर सोड असा आग्रह धरू नका. वर एका उत्तरात लिहिल्याप्रमाणे तो काळ धोक्याचा असतो आणि त्याला तयारी लागते. तिच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती, थोडे पैसे, कपड्यांचा एक जोड तुमच्याकडे ठेवता येईल. तिने फोनवर म्हटले की तुम्ही काही न विचारता मदत पाठवावी, असे एक साधे वाक्य दोघींत ठरवता येईल. तुमच्या भागातील महिला मदतवाहिनीशी तिचे नाव न सांगता आधी तुम्ही स्वतः बोलून ठेवू शकता. तिच्या नवऱ्याला जाब विचारायला मात्र कृपा करून जाऊ नका; त्याची किंमत तिला मोजावी लागेल.

गळा दाबण्याविषयी वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते. कॅम्पबेल यांच्या प्रश्नावलीत त्यावर स्वतंत्र प्रश्न आहे, कारण एकदा जरी असे घडले असेल तरी पुढे जिवावर बेतण्याचा धोका लक्षणीय वाढतो. मानेवर खूण उमटली नाही म्हणजे इजा झाली नाही, असे नसते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, चक्कर, डोकेदुखी अशी लक्षणे काही तासांनी किंवा दिवसांनीही दिसू शकतात, आणि त्यांसाठी डॉक्टरकडे जाणे गरजेचे असते. तिला यांपैकी काही होत असेल तर डॉक्टरकडे जाताना तिच्यासोबत जा. ती जे सांगेल ते तारीखवार लिहून ठेवा, आणि ती वही तुमच्याच घरी ठेवा.

आणि ते पुस्तक आत्ताच परत करू नका. तिने मागितले, तर तुमची दुसरी स्वच्छ प्रत तिला द्या. त्या रेघा तिच्या घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचता येतात.